कासारवाडीच्या गिरणीवरचा माळा राखिला, त्याची हकीकत

पीठमंडित, अखंडित-दळणवैभव, इंदुताईसाहेब गिरणीवाल्या, मुक्काम कासारवाडी, यांचे सेवेसी बखरनवीसाची विज्ञापना ऐसीजे. ताईसाहेबीं आज्ञा केली की, दळणाचा डबा घेवोन येणारा हरएक मनुष्य माळ्यावरील लढाईची निराळीच हकीकत सांगतो, कोणी म्हणतो वाकडकरांनी दगा केला, कोणी म्हणतो कासारवाडीकर फितूर जाहले, सबब जे जाहले ते खरे लिहोन द्यावे. त्यावरून लिहितो. बखरनवीस कासारवाडीचा चहा प्यालेला आहे, त्यास पक्षपात सुटणार नाही, परंतु खोटेही लिहवणार नाही.

तरी कासारवाडी रेल्वे ठेसणाचे अंगास वसलेली, तेथे ताईसाहेबांची गिरणी, आणि गिरणीवर पत्र्याचा माळा, आणि माळ्यावर एक लांब मेज. खाली जाते फिरू लागले की वर मेज थरथरे, आणि पत्त्यांवर पिठाचा पातळ लेप बसे. पत्ते म्हणजे बदाम-इस्पिकाचे नव्हेत. या पत्त्यांवर अजगर, राक्षस, मांत्रिक, तटबंदी ऐसी चित्रे, आणि प्रत्येक वीर दुकानातून पुडकी आणोन फोडी, मग मित्रांशी अदलाबदल करोन आपली गड्डी बांधी, आणि समोरच्याचे प्राण संपवी तो जिंके. अथवा समोरच्याची गड्डी आधी सरली तरीही जिंके. ऐसा खेळ.

येथील वीर सारे चाकण, भोसरी येथील कारखान्यांचे चाकर. कोणाची पहिली पाळी, कोणाची दुसरी, कोणाची रात्रपाळी, सबब सारे एके ठायी कधी मिळत नसत. मग त्यांनी कारखान्याचाच दंडक माळ्यास लाविला की, रिलीव्हर, म्हणजे पुढील पाळीचा मनुष्य, आल्याविना जागा सोडू नये. एकाची कंपनीची बस आली की त्याने हातातील पत्ते दुसऱ्याच्या हाती द्यावे, काय चालले आहे ते दोन शब्दांत सांगावे आणि निघावे. डाव थांबत नसे. कित्येक डाव ऐसे की, सुरू कोणी केला हे संपविणारास ठाऊक नसे, आणि जिंकल्याचा आनंद कोणी करावा यावर नवीन भांडण होई.

या मंडळीत समाधान नामे वीर, परभणीकडील, चाकणास मशीनवर. खोलीत जोडीदार बहुत, परंतु पाळ्या निराळ्या, म्हणोन त्यांची ओळख पांघरुणाबाहेर आलेल्या पायांपुरती. या अवघ्या शहरात त्यास नावाने हाक मारणारी जागा एकच, तो हा माळा. माळा गेला तर त्यास कामाविना दोन शब्द बोलावयास मनुष्य उरत नव्हता. हे तो कोणास सांगत नसे, पण सारे जाणून होते.

ऐसे सुखाने चालले असता वाकडाकडोन गनीम उठला. वाकडचे सरलष्कर प्रज्वलराव, माण येथील आयटी कंपनीचे चाकर, उंच इमारतीत राहणार. त्यांचा हरएक पत्ता प्लास्टिकच्या पाकिटात, आणि त्यास कोणाचे बोट लागले तर रावांची मुद्रा पालटे. त्यांची फौज सोसायटीच्या क्लबहाउसात खेळे, परंतु झुंबा नामक नृत्यवर्गाने चढाई करोन त्यांस बेदखल केले, मग नवी जागा धुंडीत ते कासारवाडीस आले आणि माळा त्यांच्या डोळ्यांत भरला. त्यांणी ताईसाहेबांस अर्ज केला की, माळा आम्हांस द्यावा, आम्ही येथे दर रविवारी सामने भरवू, हरएकाचे रँकिंग लावू, मध्येच उठेल तो हरला ऐसा कायदा करू, आणि उगाच हसतखेळत खेळणारांस वर येऊ देणार नाही.

समाधान हे ऐकोन पांढरा पडला, आणि ते पीठ नव्हते. ताईसाहेबीं विचार केला की, माळा एक आणि मागणार दोन, तरी खेळणारांनी खेळूनच ठरवावे. एक डाव व्हावा, जिंकेल त्यास माळ्याची चावी. मग दिवस नेमण्याची मसलत जाहली, तेव्हा प्रज्वलरावांनी मोठ्या नम्रतेने रविवार मागितला. यांतील कपट ऐसे की, इकडील कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, रविवारी भोंगा वाजतोच. समाधानाची दुसरी पाळी, दुपारी बस येणार, हे राव पक्के जाणत होते.

रविवारी सकाळी वाकडची फौज मोटारींतून निघाली. नाशिक फाट्याच्या पुलाखाली मोटारी लावावयास जागा मिळेना, तेथेच निम्मी फौज गारद जाहली, उरलेली वर आली. मग प्रज्वलराव आणि समाधान समोरासमोर बसले आणि पत्ते वाटले. रावांची गड्डी कोंडीची. त्यांणी आरंभीच तटबंदीचा पत्ता मांडिला, त्यामागे दुसरी तटबंदी, आणि मग प्रत्येक पत्ता टाकावयास इतका विचार करू लागले की, खाली एकाचे गहू निघाले, दुसऱ्याची ज्वारी निघाली, तिसऱ्याची भाजणी येवोन थांबली, आणि रावांचा पत्ता हातातच. समाधानाचे राक्षस तटावर डोके आपटून मरत होते. घड्याळ मात्र चालत होते.

इतक्यात पुलाखालोन बसचा हॉर्न वाजला. वाकडकर एकमेकांस टाळ्या देऊ लागले. समाधान उठला, आणि त्याच वेळी जिन्यावर त्याचे रिलीव्हर जयसिंगकाका प्रगट जाहले, रात्रपाळी करोन दुपारपर्यंत निजलेले, एका गालावर उशीची घडी तैसीच. समाधानाने पत्ते त्यांच्या हाती दिले आणि कानाशी लागोन म्हणाला, “काका, अजगर हातातच असू द्या. भिंत पडल्याबिगर काढू नगा.” ऐसे बोलोन तो बसकडे धावला.

वाकडकरांनी गिल्ला केला की, हा कोणता न्याय, मनुष्य बदलला म्हणजे डाव संपला. ताईसाहेबीं निवाडा दिला तो ऐसा: गिरणीवर सकाळी मी बसते, संध्याकाळी माझी जाऊ बसते, म्हणोन गिऱ्हाइकाचे पीठ बदलत नाही. हा दंडक या माळ्यावर दोहों पक्षांस खुला आहे.

मग डाव पुढे चालला. रावांच्या तटाशी काका जांभया देत लढत होते, आणि तिसऱ्या प्रहरी प्रज्वलरावांचा फोन वाजला. माणातील कंपनीचा सर्व्हर निजला, सत्वर हजर व्हावे ऐसा हुकूम. त्या दिवशी कोणी कामास जुंपू नये म्हणोन रावांनी लॅपटॉप मुद्दाम कचेरीतच ठेविला होता, सबब खासा जाणे प्राप्त जाहले. त्यांणी आपल्या फौजेस पत्ते पुढे केले. विक्की नामे सरदार म्हणाला की, येथे हरलो तर माझे रँकिंग घसरेल. अजिंक्य नामे सरदार म्हणाला की, दुसऱ्याने बांधिलेल्या गड्डीने मी खेळत नसतो. आणखी एक पाणी प्यावयास म्हणोन जिना उतरला तो परत आला नाही.

राव पत्ते हाती धरोन उभेच. मग भोसरीची पहिली पाळी सुटोन स्वप्नाली वर आली. ती कारखान्यात सुटे भाग तपासोन खराब माल, ज्यास तेथे रिजेक्शन म्हणत, तो निराळा काढणारी, कासारवाडीची खंदी लढवय्यी. तिणे सकाळचा डाव पाहिला नव्हता, कोणाच्या हातात काय ते तिला ठाऊक नव्हते. तिणे रावांची दशा पाहोन पुसिले, “तुमचा रिलीव्हर नाही आला का?”

राव म्हणाले, “आमच्यात नसतो.”

“द्या इकडे. काय चाललंय तेवढं सांगा.”

राव घाबरत घाबरत बोलले की, तट हलवू नये, काही जाहले तरी हलवू नये. आणि प्लास्टिकच्या पाकिटांतील पत्ते प्रथमच परक्या हाती देवोन गेले.

आता कासारवाडीत काय आनंद जाहला तो वर्णवत नाही. आपलाच मनुष्य गनिमाच्या खुर्चीवर! काकांनी डोळा मिचकाविला, मग भुवई उडविली, मग तट पाड म्हणोन हनुवटीने खूण केली. स्वप्नाली पत्त्यांतच पाहत होती. काकांस वाटले, कळले पोरीला, आता पाडतेच. म्हणोन समाधानाचे शब्द विसरोन त्यांणी अजगर बाहेर काढिला आणि तटावर सोडिला. तट जागचा हलला नाही. अजगर आपटला आणि मेला. पुढे स्वप्नालीने एकही चूक केली नाही, दिवेलागणीस काकांची गड्डी सरली आणि कासारवाडीची शिकस्त जाहली.

काका म्हणाले, “अगं, आपलीच हाय न्हवं तू?”

“आपलीच आहे, काका,” स्वप्नाली पत्ते पाकिटांतून नीट लावीत म्हणाली. “पण माझ्या पाळीत रिजेक्शन जात नाही.”

या उत्तरावर बखरनवीसाचा जो संताप जाहला तो येथे लिहीत नाही, कागद ताईसाहेबांचा आहे. काकांनी समाधानास फोनवर कळविले की माळा गेला. तो चहाच्या सुट्टीत होता. पेला तैसाच ठेवोन तो मशीनवर गेला.

मग वाकडच्या रहदारीतून सुटोन प्रज्वलराव परत आले. ताईसाहेबीं चावी त्यांच्या हाती ठेविली. विक्की, अजिंक्य आणि पाणी पिऊन परतलेला सरदार नाचू लागले. रावांनी विचारिले की, शेवटपर्यंत कोण बसले? सर्वांनी स्वप्नालीकडे बोट केले. रावांनी आपली गड्डी पत्ता पत्ता उलटोन पाहिली. एकही पत्ता दुमडला नव्हता.

मग ते आपल्या फौजेस म्हणाले, “मी हाक मारली तेव्हा तुमच्यातल्या एकानेही पत्ते धरले नाहीत राव. चावी पत्ते धरणाऱ्याची.” आणि चावी स्वप्नालीस दिली. सरदारांनी रँकिंगच्या नावाने बहुत ओरड केली, ती गिरणीच्या आवाजात ऐकू आली नाही.

काकांनी पुन्हा चाकणास फोन लाविला आणि कळविले की माळा आला. समाधानाने माळा कैसा आला, जिंकले कोण, हारले कोण, काहीच पुसिले नाही. इतकेच बोलला, “मग उद्या दुपारी मला सोडवायला कोण येणार?”

“वाकडचं सरलष्कर,” काका म्हणाले. “रविवारी राबला म्हणून सोमवारी सुट्टी हाय त्याला. आत्ताच नाव लावून गेला.”

येणेप्रमाणे लढाई वाकडकरांनी जिंकिली, माळा कासारवाडीकरांनी राखिला, आणि दुसरे दिवशी बसच्या हॉर्नाबरोबर प्रज्वलराव धापा टाकीत जिना चढोन वर आले, आणि समाधानाने त्यांस नावाने हाक मारोन पत्ते हाती दिले. फत्ते जाहली ती ही. ताईसाहेबांचे आज्ञेवरून नमूद केली असे.