सुभेदारांचा टब

"फौजेत पूल बांधलेत मी, टब तो काय!" असं म्हणत सुभेदार हंबीररावांनी मिशीवर हात फिरवला आणि यांच्या न्हाणीत काहीतरी गळतंय, हे अख्ख्या कुंडल गावाला कळलं.

टब बनुबाईंच्या गुडघ्यांसाठी होता. तीस वर्षं उसात खुरपून बायकोचे गुडघे गेले आणि आपण मात्र सरहद्दीवर, हे हंबीररावांना आतल्या आत खायचं. म्हणून पेन्शनीत आल्यावर त्यांनी पाचगणीच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातला टब टेम्पोत घालून आणला. गरम पाण्यात बसली की तिला बरं वाटेल! पण टब निघाला तळाशी चिरलेला.

प्लंबर लालासाहेब म्हणाला, "आवं सुभेदार, दुरुस्तीच्या नादाला लागू नका. नवा घ्या."

"गप रं!"

हंबीररावांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबचं ठिगळ लावलं. टब भरला, आतून पेन्सिलीनं खूण केली आणि खुणेचं मात्र गुप्त ठेवलं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. दुपारी बघतात तर पाणी चार बोटं खाली! दुसरं ठिगळ. पुन्हा चार बोटं! आठवड्याभरात टबाची गोधडी झाली. शेवटी हार मानून त्यांनी कराडहून कोरा टब आणून बसवला. भरला, खूण केली. दुपारी पाणी सहा बोटं खाली!

"नवाकोरा टब गळतोय!" हंबीरराव ओरडले. "फसवलं मला!"

"गळंल कशाला? मीच काढतीया की पाणी," बनुबाई दारातून म्हणाल्या. "नळ येतोय एक दिवसाआड. म्हशीला, भांड्याला नगं व्हय? टबानं लय सोय झाली बगा."

"मग सांगायचं न्हाई?"

"तुमी टबापाशी बसून हुता. मला कवा इचारलंत?"

हंबीरराव जरा नरमले. "आन् त्यात बसून गुडघं शेकायचं?"

बनुबाईंनी टबाच्या उंच काठाकडे बोट दाखवलं. "आवं, आत उतरायला गुडघा एवढा वर उचलाय लागतोय. त्यो उचलत असता, तर टब कशाला आणला असता?"

पूल बांधणाऱ्या माणसाला एवढा काठ दिसला नव्हता. हंबीररावांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी न्हाणीत खुर्ची मांडली, बनुबाईंना बसवलं आणि तांब्यानं कढत पाणी हळूहळू त्यांच्या गुडघ्यांवर सोडलं.

"बरं वाटतंय?"

"लय," बनुबाई डोळे मिटून म्हणाल्या. "पर खाली घमेलं धरा. म्हस तहानलीय."