चार बोटांची जागा

उमाकांतच्या गाडीच्या पुढच्या बंपरखाली काल दुपारपर्यंत वीतभर मोकळी जागा होती. आज सकाळी तिथे चार बोटं उरली होती. मधली जागा एका काळ्या चकचकीत पट्टीने खाल्ली होती. दुकानात तिला ‘लिप’ म्हणतात.

कंपनीची लिप महाग, म्हणून उमाकांतने नंदुरबारहून स्वस्तातली आणली, सगळ्या गाड्यांना बसणारी. “सगळ्यासले बसस म्हंजे कोणलेच बसत नही,” असं त्याची बायको गायत्री तेव्हाच म्हणाली होती. पट्टी खरंच बसेना. मग त्याने ती स्क्रूंनी आवळली आणि वरून गोंद ओतला. मुलाच्या लग्नात गाडी उठून दिसायला हवी होती.

गोकुळचं लग्न प्रकाशा गावी होतं, मुहूर्त दुपारच्या आत. मांडीवर नारळ घेऊन नवरदेव पुढच्या सीटवर बसला. गाडी अंगणातून रस्त्यावर आली आणि पहिल्याच गतिरोधकावर करकरत अडकली.

गतिरोधक उमाकांतचाच होता. तो गावचा सरपंच. उसाचे ट्रॅक्टर दारात धूळ उडवतात म्हणून त्याने घराच्या दोन्ही अंगांना एकेक घालून घेतला होता. काम चालू असताना तो शेजारी उभा राहून “आखो टाक, आखो टाक” म्हणत उंची वाढवून घेत होता. उंची कमी करा म्हणून गाव तेव्हापासून मागे लागलं होतं.

“मांगलासहोन, उतरा,” उमाकांत म्हणाला. मागच्या सीटवरच्या तिघी आत्या उतरल्या. मागची बाजू वर आली, त्यामुळे पुढची आणखी खाली गेली. नवरदेव अंगाने भरलेला होता.

“गोकुळ, तू बी उतर.”

“तो उतरनार नही,” गायत्री म्हणाली. “नारळ लिसन बठेल नवरदेव सासरनी शीव येवालगून खाले पाय ठेवत नही.”

“माय, मी पटकन...”

“बठ.”

“मंग आबा, ती पट्टीच काढी टाका.”

उमाकांतने खाली वाकून पट्टी ओढली. तिच्याबरोबर अख्खा बंपर हलला. त्याने हात काढून घेतला. “गोंद चांगला शे,” तो पुटपुटला.

“तेवढाच चांगला शे,” गायत्री म्हणाली.

गाडी मागे घेऊन दुसऱ्या गतिरोधकाकडून काढून पाहिली. तिथेही तोच आवाज. तेवढ्यात मुलीच्या वडिलांचा फोन आला. “निंघनूत,” उमाकांतने सांगितलं. घरातून ते निघाले होते, हे खरं होतं.

तेव्हाच रंजनाबाई मोपेडला दुधाच्या कॅन लटकवून आली. गतिरोधकावर मोपेड उडाली, झाकण उघडलं, दूध सांडलं. तिने मोपेड उभी केली.

“रोज हाऊ गतिरोधक मन्हं दूध पेस, सरपंच. आज तुमनी गाडीले बी चावना का?”

“रंजनाबाई, आज लगीन शे. रागे भरू नको.”

“मन्ही पोरनं बी लगीन व्हतं. तिनी गाडी आठेच फुटनी. तवय तुम्ही काय म्हनात? पुढली बैठकमा दखसूत.”

“ठराव लागस ना. ग्रामसभा लागस.”

रंजनाबाईने मागे पाहिलं. नवे कपडे घातलेलं सारं वऱ्हाड उन्हात उभं होतं, म्हणजे जवळजवळ सारं गाव. “हाई काय शे मंग? हात वर करा रे.”

पहिला हात गायत्रीचा होता, हिरव्या बांगड्यांनी भरलेला. मग आत्यांचे. मग सगळ्यांचे. गाडीच्या खिडकीतून नारळ धरलेला एक हात बाहेर आला.

“तू बी?” उमाकांतने विचारलं.

“आबा, मन्हं लगीन शे.”

कोणीतरी घरामागून कुदळ आणली आणि उमाकांतसमोर धरली. फोन पुन्हा वाजू लागला.

“आज हाऊ एक फोडू,” उमाकांत म्हणाला, “दुसराना विचार पुढली बैठकमा...”

“सून लिसन येवाना रस्ता तो शे,” गायत्री म्हणाली. तिचा हात अजून वरच होता.

उमाकांतने एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा सांडलेल्या दुधाकडे.

“फोडा,” तो म्हणाला. “दोन्ही फोडा.”