निमोणकर साहेबांचा जबडा

निमोणकर साहेब पोहे कुटून खातात.

म्हणजे पोहे कुटून मग करतात असं नाही. केलेले पोहे कुटतात. फोडणी दिलेले, वर शेव, कोथिंबीर, लिंबू, सगळं जागच्या जागी असलेले पोहे ते लोखंडी खलबत्त्यात ओततात आणि गॅलरीत मांडी ठोकून कुटत बसतात. आमच्या भोपाळला पोह्यांबरोबर जिलबी खायची पद्धत आहे, तेव्हा तीही त्याच खलात जाते. मग जे काही तयार होतं ते चमच्याने खातात आणि वर मला सांगतात, "वहिनी, चव तीच असते. फक्त शेप बदलतो."

सकाळी ठकठक सुरू झाली की अवधपुरीतली आमची सगळी गल्ली समजते, साहेबांचा नाश्ता चाललाय. आमच्याकडे नवीन कामाला लागलेल्या बाईने पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "भाभी, बाजू में कोई वैद्यजी रहते हैं क्या?" मी म्हटलं, वैद्य नाही बाई, इंजिनियर आहेत. त्यावर तिचा आजही विश्वास नाही.

कारण साधं आहे. साहेबांच्या खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी गेल्यात. समोरचे दात शाबूत, त्यामुळे हसले की माणूस अगदी पूर्ण दिसतो. पण हसून पोट भरत नाही. चावायचं काम जिथे चालायचं तिथे सगळं मोकळं मैदान.

आमचे हे आणि निमोणकर एकाच कारखान्यात होते. मोठा सरकारी कारखाना, त्याची टाउनशिप, क्वार्टर्स, क्लब, दवाखाना, सगळं एका कुंपणात. आम्ही ग्वाल्हेरचे, ते नगरकडचे, पण क्वार्टर समोरासमोर. रिटायर झाल्यावर इथे अवधपुरीत घरंही शेजारी घेतली. आमचे हे हिशेब खात्यात, आणि निमोणकर साहेब इन्स्पेक्शनला. आलेला माल तपासायचा, पास करायचा, नापास करायचा, आणि दोन्ही करवत नसेल तर होल्डवर ठेवायचा. साहेबांची ख्याती त्या तिसऱ्या खात्यातली. "रिजेक्ट नाही म्हणत मी, होल्ड म्हणतोय," हे त्यांचं आवडतं वाक्य. भाजीवाल्याची भेंडी होल्डवर. आमच्या लेकीसाठी, सुमीसाठी, आलेलं स्थळ होल्डवर, का तर मुलगा उभा राहताना एका पायावर भार देतो. त्यांची बायको शुभांगी म्हणायची, "लग्नाआधी मलाही सहा महिने होल्डवर ठेवलं होतं यांनी. मीच शेवटी शिक्का मारून घेतला."

शुभांगी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगा निखिल कॅनडात. रविवारी संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा साहेब फोन असा धरतात की त्याला बापाचं फक्त कपाळ दिसावं. मी एकदा म्हटलं, अहो, जरा खाली घ्या की. म्हणाले, "गाल बसलेत वहिनी. उगाच तिकडे विचारपूस सुरू होते." टाउनशिपमधली जुनी माणसं एकेक करून पुण्याला, बंगळुरूला मुलांकडे गेली. उरलेल्यांत आम्ही दोघं, आणि एक साहेब.

तर दात. आधी त्यांनी काढ-घालीची कवळी करून घेतली होती. ती त्यांनी महिनाभर घासून-पुसून वापरली, आणि मग गणपती आले. आमच्या मराठी मंडळात वरच्या पट्टीत आरती धरणारे साहेब एकटेच. पट्टी चढली, आवाज चढला, आणि कवळी तोंडातून उडून थेट तबकात, निरांजनाच्या शेजारी जाऊन बसली. मराठी मंडळाचे लोक सभ्य आहेत, हसले ते सगळे घरी जाऊन. साहेबांनी शांतपणे ती उचलली, रुमालात गुंडाळली आणि उरलेली आरती तोंड मिटून म्हटली. घरी आल्यावर मला म्हणाले, "मटेरियल रिजेक्ट." माझ्या माहितीत त्यांनी सरळ रिजेक्ट केलेली ती एकमेव वस्तू.

त्यानंतर त्यांचं मंडळात येणं बंद झालं. मग लग्नामुंजीला जाणं बंद झालं. आमच्याकडे जेवायला बोलावलं तर पोट बरं नाही, उपास आहे, आत्ताच जेवलो, असली कारणं. मला राग यायचा. मग एकदा डोक्यात प्रकाश पडला, की चारचौघांत हा माणूस खलबत्ता कुठून काढणार? दातांपायी ते माणसांतूनच उठत चालले होते. पँट कमरेला दोरीने बांधायची वेळ आली होती, इतके वाळले.

आणि अशात त्यांना इम्प्लांटचा शोध लागला. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, काही महिन्यांत हाड त्याला घट्ट धरतं, मग त्याच्यावर पक्का दात चढवतात. साहेब पेपर हातात घेऊन आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा कित्येक दिवसांनी खुलला होता. "वहिनी, हे तर फाउंडेशन बोल्ट. टर्बाइन असंच उभं करतात. आधी बोल्ट, मग तो जागेवर पक्का होईपर्यंत थांबायचं, मग लोड. या लोकांनी आमचीच विद्या तोंडात नेलीय."

मी म्हटलं, छान, मग उद्याच जा.

उद्याच? ज्या माणसाने उभ्या जन्मात तीन कोटेशन मागवल्याशिवाय झाडूसुद्धा घेतला नाही, तो उद्या जाऊन तोंड उघडेल? साहेबांनी रीतसर टेंडर काढलं. दोन पार्ट्या महाराणा प्रताप नगरातल्या, एक इथली अवधपुरीची. आणि कारखान्याची पद्धत अशी, की आधी कामाचा दर्जा तपासायचा, त्यात जो पास होईल त्याचंच किमतीचं पाकीट उघडायचं. तेव्हा साहेबांनी तिन्ही डॉक्टरांना सांगितलं, किंमत तोंडी सांगू नका, बंद पाकिटात द्या. एकाने त्यांना वेड्यात काढलं असावं, पण दिलं. दुसऱ्याकडे साधं पाकीट नव्हतं, म्हणून रिसेप्शनवरच्या मुलीने लग्नात आहेराला देतात तसलं दिलं, वर गणपती आणि रुपयाचं नाणं चिकटवलेलं. साहेबांनी ते नाणं उखडून परत केलं. म्हणाले, "पार्टीकडून काही घेतलं असं व्हायला नको."

मग तपासणी. पहिल्या डॉक्टरांच्या खुर्चीवर साहेबांनी खिशातून लेव्हलची नळी काढून ठेवली. बुडबुडा मध्ये येईना. "फाउंडेशनच आउट आहे. या खुर्चीत बसून मारलेला स्क्रू सरळ कसा जाईल? होल्ड." दुसऱ्याकडे ड्रिलचा आवाज ऐकला आणि कुणाच्या तरी दाढेचं काम अर्ध्यावर चालू असताना बाहेरून ओरडून सांगितलं, "बेअरिंग दिखवा लीजिए." तोही होल्डवर. उरल्या आमच्या अवधपुरीच्या डॉक्टर चौकसे. तरणी मुलगी, हात हलका, बोलणं गोड. तिच्या खुर्चीचा बुडबुडा बरोब्बर मध्ये आला. ड्रिल गुपचूप चालतं. टायटॅनियमचं सर्टिफिकेट मागितलं तर तिने तेही दाखवलं. मी म्हटलं, सुटलो. तर साहेब म्हणाले, "तिच्या असिस्टंटचा मास्क नाकाखाली होता. होल्ड."

माझं डोकंच फिरलं. कारण मधल्या काळात चौकसे डॉक्टरने फोटो काढून स्पष्ट सांगितलं होतं, दात नसले की जबड्याचं हाड झिजत जातं. अंकलचं बरंच झिजलंय. असंच चालू राहिलं तर स्क्रू धरायला हाडच उरणार नाही, मग इम्प्लांटचा विषय संपला. हे मला खुद्द साहेबांनीच सांगितलं होतं, आणि सांगून वर पोहे कुटत बसले होते.

पावसाळा सरला, दसरा गेला. एका सकाळी ठकठक सुरू झाली तशी मी पदर खोचून त्यांच्या गॅलरीत जाऊन उभी राहिले.

"साहेब, आज मला सोक्षमोक्ष पाहिजे. चौकसे बाईंच्यात खोट काय आहे?"

"मास्क."

"तो मी जाऊन वर ओढते. पुढे?"

"वहिनी, टेंडरमध्ये घाई केली की—"

"हाड विरघळतंय तुमचं. आणि ती तुमची पाकिटं बसलीत उघडायची वाट बघत. खरं कारण सांगा."

साहेबांनी बत्ता खाली ठेवला. खलात बघत राहिले. मग ऑफिसात दोष वाचून दाखवत असतील, तशा आवाजात म्हणाले, "तिन्ही पार्ट्यांची एक अट कॉमन आहे. ती मला पूर्ण करता येत नाही."

"कसली अट?"

"पेशंटबरोबर माणूस पाहिजे."

मला आधी कळलंच नाही. ते पुढे सांगू लागले. वय झालंय, बीपी आहे, दोन्ही बाजूंचं काम एकाच वेळी करायचं, म्हणून सोबत घरचं माणूस हवं. तिघांनी हेच सांगितलं. त्यांनी विचारलं, रिक्षाने एकटा आलो तर? नाही चालणार. कुणी तरी बाहेर बसायला हवं, नंतर घरी न्यायला हवं, रात्री लक्ष ठेवायला हवं.

"निखिलला विचारलंत?"

"विचारलं. त्याला रजा नाही. जमलं तर मार्चमध्ये म्हणतोय." बत्ता पुन्हा उचलत म्हणाले, "होल्डवर आहे."

खुर्ची, बेअरिंग, मास्क. आम्ही सगळी गल्ली या माणसाच्या चिकित्सेला हसत होतो आणि हा माणूस घरी येऊन, मला बरोबर न्यायला कुणी नाही हे सांगायला नको म्हणून, रोज नवी खोट शोधत होता. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्यावरच खेकसले.

"आणि आम्ही मेलो होतो का?"

"तसं नाही, वहिनी."

"मग कसं? भिंतीला भिंत लागून राहतो. विचारायला तोंड नव्हतं?"

"तुम्हाला कसं विचारणार? तुमच्या ह्यांचे गुडघे, तुमचं घर, तुमचे व्याप." साहेबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "बरोबरचा माणूस म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. शुभांगीच्या वेळेला मीच होतो ना. बाहेर बसून राहायचं. आत काय चाललंय ते कुणी सांगत नाही. दार उघडलं की उठून उभं राहायचं, आणि ते आपल्यासाठी नसतं म्हणून पुन्हा बसायचं. हे काम असं कुणाच्याही गळ्यात घालायचं नसतं."

त्यांनी शुभांगीचं नाव घेतलेलं मी कितीतरी काळाने ऐकलं. तेव्हा बोलले असते तर रडू आलं असतं आणि त्यांना ते मुळीच चाललं नसतं. मी फक्त फोन काढला, डॉक्टर चौकसेला लावला आणि पुढच्या मंगळवारची वेळ घेतली.

आमच्या ह्यांना नेण्यात अर्थ नव्हता. दातांच्या दवाखान्याच्या नुसत्या वासाने ते फिकट पडतात, मग तिथे दोन पेशंट झाले असते. मंगळवारी मीच निघाले. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, जुन्या दिवसांत ऑडिटला जायचे तसे तयार होऊन उभे होते.

रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "आंटी, आप अंकल की कौन लगती हैं?"

साहेब गडबडले. "पड़ोसी हैं," म्हणाले, आणि पुढे घाईघाईने, "लेकिन घर के बेटे से परमिशन ले सकते हैं, उसका नंबर…"

"तुझे जो लिखना है लिख ले बेटा," मी म्हटलं. "बैठने वाली मैं हूँ."

तिने काय लिहिलं मी पाहिलं नाही. साहेबांना आत घेतलं, दार लागलं. मी बाहेरच्या खुर्चीवर पर्स मांडीत घेऊन बसले. आतून काही तरी खणखणल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. दार उघडलं, मी उठले. असिस्टंट पाण्याची बाटली घेऊन निघून गेला. मी पुन्हा बसले, आणि बसल्यावर मला साहेब काय म्हणत होते ते कळलं.

थोड्या वेळाने डॉक्टर चौकसे स्वतः बाहेर आली. हातात मोजे, कपाळाला आठ्या.

"आंटी, अंकल मुँह ही नहीं खोल रहे. दर्द नहीं है, इंजेक्शन लग गया है. बस गर्दन घुमा के दरवाज़ा देखते रहते हैं. मैंने कहा, आंटी बाहर ही हैं. मानते नहीं."

मी खुर्ची उचलली आणि दार सताड उघडून उंबऱ्यातच मांडली. आत साहेब त्या मोठ्या खुर्चीत आडवे, छातीवर हिरवं कापड, आणि त्यात इतके लहान दिसत होते की मला बघवेना.

"साहेब, ही बघा मी. इथेच बसलेय. काम होईपर्यंत हलणार नाही."

त्यांनी मान वळवून पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या खुर्चीकडे. औषधाने ओठ जड झाले होते, तरी एकेक शब्द नीट लावून म्हणाले, "पाठ टेकून बसा, वहिनी. फार वेळ लागतो."

मी पाठ टेकली. ते खात्री होईपर्यंत बघत राहिले, आणि मग त्यांनी डोळे मिटून तोंड उघडलं.