हसलं की फोटो परत येतो

वडिलांच्या वर्षश्राद्धाला तसबिरीला हार घालताना रोहिदासला पुन्हा त्या निळ्या दाराचा राग आला. तसबिरीत नवसूबाबा नाकासमोर बघत होते आणि त्यांच्या मागे पत्र्याचं निळं दार होतं. फोटो कापून कापून मानेपर्यंत आणला, तरी दार काही जाईना. आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलंच, की हे कुठल्या देवळातलं म्हणायचं. त्यावर रोहिदासच्या बायकोने, हर्षदाने, घाईघाईने चहाचा विषय काढला. दार देवळाचं नव्हतं, सरकारी योजनेतून बांधलेल्या संडासाचं होतं. नवसूबाबांचा उभ्या आयुष्यात निघालेला तेवढाच एक धड फोटो, आणि तो काढला होता खुद्द रोहिदासने.

फोटो काढणं हे त्याचं कामच होतं. तो मोखाड्याच्या एका कचेरीत कंत्राटावर होता. योजनेतून कुणाला घर, विहीर किंवा संडास मिळाला, की त्या माणसाला त्या वस्तूपुढे उभं करायचं, मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि वर पाठवायचा. सूर्यमाळच्या पाड्यापाड्यांत त्याची सूचना पोरांनाही पाठ होती : सरळ उभे राहा, इकडे बघा, हसू नका, हसलं की फोटो परत येतो. ही अट कुठल्याही सरकारी कागदावर नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला त्याने पाठवलेला एका हसऱ्या म्हातारीचा फोटो परत आला होता. का, ते कुणी कळवलं नाही आणि रोहिदासने विचारलंही नाही. आपल्या डोक्याने कारण शोधलं आणि मोकळा झाला. तेव्हापासून त्या भागात कॅमेऱ्यापुढे कुणी हसेनासं झालं. लग्नातले नवरानवरीसुद्धा एकमेकांना योजनेतून मिळाल्यासारखे उभे राहू लागले.

बाबा मात्र त्या दिवशी दारापुढे उभे राहिले ते खो खो हसत. आपल्या घराला नाही एवढं चकचकीत दार याला, असं काहीतरी ते म्हणत होते. रोहिदासला शेवटची जीप गाठायची होती. ‘बाबा, हसू नका’ म्हणून तो त्यांच्यावर खेकसला. बाबा गप्प झाले. तो गप्प चेहरा आता कायमचा भिंतीवर होता आणि रोज जेवताना रोहिदास त्याच्याकडे पाठ करून बसायचा.

आता आई राहिली होती. गोजाबाईचा खोकला जाता जात नव्हता आणि डॉक्टर औषधापेक्षा तिच्या वयाबद्दलच जास्त बोलत. रोहिदासच्या मनाने घेतलं, की आईचा हसरा फोटो हाताशी हवा. तशी गोजाबाई दिवसभर हसायची. कोंबडी चुलीवर चढली तरी हसायची. पण खिशातून मोबाइल निघाला रे निघाला, की पदर सारखा करून, हात मांड्यांना चिकटवून ताठ. शेवटी मुलगा तिचाच होता आणि सूचना मुलाची होती.

हर्षदा जव्हारला शाळेत शिक्षिका. तिच्या शाळेतल्या एका बाईंनी सुट्टीत फिरायला जाताना फोटोग्राफर ठरवला होता. तो लांबून, नकळत फोटो काढतो, त्याला कँडिड म्हणतात, हे तिने रोहिदासला समजावून सांगितलं. मग नाताळच्या सुट्टीत मुंबईला जायचं ठरलं. फोनवरून उमेश नावाचा फोटोग्राफर ठरला. रोहिदासने त्याला बजावलं, की आईला काही कळता कामा नये. जवळ यायचं नाही, बोलायचं नाही, ओळख दाखवायची नाही. उमेशला वाटलं, माणूस हौशी दिसतो.

समुद्राकाठच्या एका बागेत सकाळी कामाला सुरुवात झाली. उमेश झाडाआड लपला. आता गोजाबाईचा जन्म रानात गेलेला. झुडपात ससा हलला तरी तिला कळायचं, तिथे पिवळ्या बुटांतला उमेश कसा सुटावा? लांबून आपला फोटो काढणारा माणूस तिने आयुष्यात एकाच प्रकारचा पाहिला होता. योजनेतून मिळालेली वस्तू खरंच आहे का ते बघायला वरून येतो तो तपासणीवाला हा, हे तिने ओळखलं. मुलाच्या नोकरीचा प्रश्न, म्हणून ती कुणाला काही बोलली नाही. पिवळे बूट दिसले, की समोर जे असेल त्याच्यापुढे ती ताठ उभी राहू लागली. बाकापुढे राहिली, घसरगुंडीपुढे राहिली. पाण्याच्या नळापुढे जरा जास्तच वेळ उभी राहिली. उन्हाळ्यात सूर्यमाळला पाण्यासाठी किती वणवण होते ते तिला ठाऊक होतं. चुकून मंजूर झाला तर झाला.

तिला हसवायला रोहिदासने जंग जंग पछाडलं. जुने किस्से सांगून झाले, लहान मुलांच्या झोपाळ्यावर बसून झालं. झोपाळ्यावरून त्याला रखवालदाराने उठवलं तरी गोजाबाई हसली नाही. हर्षदाने मात्र हसून घेतलं आणि नवऱ्याचा चेहरा पाहून आवरतं घेतलं. दुपार झाली. कावलेल्या रोहिदासने उमेशला निरोप धाडला, की तुम्ही दिसताय, नीट लपा.

उमेश नीट लपला. मेंदीच्या दाट कुंपणात पार आत शिरला आणि लांबलचक भिंग तेवढं बाहेर काढलं. कुंपणाच्या पलीकडे बायकांचा संडास आहे, हे घाईत त्याच्या लक्षात आलं नाही. रखवालदाराच्या आलं. त्याने उमेशची मानगूट धरली, भोवती बायका जमल्या आणि त्या जे बोलल्या ते ऐकून उमेशचा चेहरा पांढराफटक पडला. लांबून हे पाहून रोहिदास धावत सुटला, वाटेत ओल्या फरशीवर घसरला आणि रखवालदाराच्या पायाशी जाऊन पोहोचला. मग सगळी वरात पोलीस चौकीत गेली.

हवालदारांनी विचारलं तेव्हा उमेशने रोहिदासकडे बोट दाखवलं. याच साहेबांनी लपायला सांगितलं, असं तो म्हणाला. ओळखता का याला, असं हवालदारांनी विचारताच रोहिदासने शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. तो आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला. दोन्ही उत्तरांनी हवालदारांचं समाधान झालं नाही. गोजाबाईला त्या पोराची दया आली.

“सोडा त्याला सायेब,” ती म्हणाली. “सरकारी माणूस हाय तो. सकाळपासून तपासणी करतोय. संडासाचीच करीत आसंल.”

हवालदार सावरून बसले. आतापर्यंत प्रकरण चोरून फोटो काढण्याचं होतं, त्यात आता तोतया अधिकाऱ्याची भर पडली. त्यांनी उमेशकडे ओळखपत्र मागितलं. उमेशला रडू फुटलं. आता खरं सांगण्यावाचून सुटका नव्हती आणि खरं सांगायचं तर ते आईसमोरच सांगावं लागणार होतं.

“आये, तो सरकारी नाय,” रोहिदास म्हणाला. “मीच आणलाय त्याला. तुझा हसता फोटो काढाया.”

“माझा? तो कशाला?”

रोहिदासने हवालदारांकडे पाहिलं. हवालदारही उत्तराची वाट बघू लागले.

“बाबांच्या शेजारी लावाया,” तो खाली मान घालून म्हणाला. “पुढं. कधीतरी.”

उमेशचं रडणं थांबलं. आपण आत्ता आईला तिच्या तोंडावर काय सांगितलं, हे रोहिदासला कळलं आणि त्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. गोजाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

“मंग आधी सांगाया नको?” ती अखेर म्हणाली. “दिसभर ताठ उभी राहून पाय मोडलं माझं. तूच सांगतोस ना, हसलं का फोटो परत येतं.”

हवालदारांनी कॅमेरा मागून घेतला. एकेक फोटो सरकू लागला. बाकापुढे गोजाबाई ताठ, घसरगुंडीपुढे ताठ, नळापुढे तर जास्तच ताठ. शेवटचा फोटो मात्र वाकडा होता. मानगूट धरलेल्या रखवालदाराने कॅमेरा ओढला तेव्हा उमेशचं बोट दाबलं गेलं असावं. कोपऱ्यात रखवालदाराचा अंगठा होता, मधे रोहिदास आडवा होत होता, त्याची एक चप्पल हवेत होती. आणि त्याच्या मागे गोजाबाई, उरलेले सगळे दात दाखवत, डोळे मिटून हसत होती.

हवालदारांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “जा आता. आणि म्हातारीला घेऊन काहीतरी खा.”

जव्हारच्या फोटोवाल्या दुकानदाराने फोटोतून अंगठा कापला, रोहिदासला कापलं. चप्पल मात्र गोजाबाईच्या कानाजवळच होती, ती काढायची तर कान गेला असता. रोहिदास ती तसबीर कपाटात कपड्यांखाली ठेवायला निघाला, तेव्हा गोजाबाईने ती हातातून काढून घेतली. मी मेल्यावर मला काय दिसणार, आताच लाव, असं तिचं म्हणणं. मग निळ्या दाराशेजारी चप्पल लागली.

सुट्टी संपली आणि रोहिदास एका पाड्यावर गेला. देवराम नावाचा म्हातारा नव्या घरापुढे उभा होता. घर झालं याचा त्याला एवढा आनंद, की तोंड मिटत नव्हतं. नेहमीचं वाक्य रोहिदासच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. येईल तर येईल परत, म्हणून त्याने तोच फोटो पाठवून दिला. तो कचेरीत पोहोचायच्या आत मंजुरी आली होती. कचेरीतल्या जुन्या कारकुनाला त्याने विचारलं, की हसरा फोटो चालतो का. कारकुनाने त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. हसण्याचा काय संबंध, म्हणाला, मागचं बांधकाम पुरतं दिसलं पाहिजे, नाहीतर परत येतो.

घरी आल्यावर रोहिदास जेवला नाही. गोजाबाईने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने सांगून टाकलं, की बाबा हसले असते तरी चाललं असतं. भिंतीकडे बघायची त्याला हिंमत होत नव्हती. गोजाबाई उठली आणि तसबिरींपुढे जाऊन उभी राहिली.

“ऐकला का हो?” ती नवऱ्याला म्हणाली. “हसाया हरकत नव्हती म्हणं.”

आणि ती स्वतःच हसू लागली, खोकला येईपर्यंत हसली. नवसूबाबांनी मात्र मुलाने सांगितल्याप्रमाणे चेहरा गंभीरच ठेवला.