बॉनेटवर बसलेले बाप्पा

एक पुली आणि चार बोल्ट! एवढ्याशा कामाला मेकॅनिक लावणारा माणूस उद्या चहातली साखर ढवळायलाही कंत्राटदार बोलावेल, असं माझं ठाम मत होतं. आजही आहे. फक्त ते आता मी घरात मांडत नाही.

आमची गाडी जुनी आहे. 'भंगार' हा शब्द आमच्या चिरंजीवांचा, सुशांतचा. वळताना ती किंचाळते हे खरं. पण मांजराच्या शेपटीवरून रोडरोलर गेल्यासारखी, हे त्याचं वर्णन निव्वळ बदनामी आहे. फार तर स्कूटर! कारणही साधं. पॉवर स्टीअरिंगची पुली इंजिनाच्या पुलीच्या रेषेत नव्हती, त्यामुळे दोघींवरून फिरणारा पट्टा तिरका घासत होता.

"बाबा, यंदा पेणहून गणपती माझ्या नव्या गाडीतून आणू," सुशांत म्हणाला.

का? माझ्या गाडीतून येताना बाप्पांनी कधी तक्रार केली होती?

"बाप्पा माझ्याच गाडीतून येतील!" मी गरजलो आणि पाना घेऊन खाली उतरलो. पुली काढली, ठोकून पुन्हा बसवली, एक डोळा मिटून रेषा पाहिली. सरळ! मिटलेला डोळा ऑपरेशन झालेला, म्हणजे नीट दिसणारा होता, हे आमच्या हिने, सुमतीने, नंतर लक्षात आणून दिलं.

चतुर्थीच्या सकाळी पेणहून निघालो. मागच्या सीटवर सुमती, तिच्या मांडीवर बाप्पा, तोंडावर रुमाल. बाप्पांच्या. सुमतीच्या तोंडावर असता तर प्रवास आणखी सुखाचा झाला असता.

पळस्पे फाट्यावर पट्टा उडाला. स्टीअरिंग इतकं जड झालं की जणू न्हावा शेव्याला लागलेलं जहाज मी एकटा वळवतोय! पनवेलकडे, म्हणजे घराकडे, वळायचं राहिलं आणि एका कंटेनरच्या शेपटीमागून आम्ही कोनच्या रस्त्याला लागलो.

"अहो, घर मागे राहिलं!"

"मला दिसतंय!"

"मग वळा ना!"

"मी केव्हाच वळलोय! गाडी वळत नाहीये!"

कोनला एका झाडाखाली गाडी थांबवली. पाना मागच्या सीटखाली होता, सीटवर सुमती होती आणि सुमतीच्या मांडीवर बाप्पा होते. "क्षणभर खाली ठेव," मी म्हणालो. बाप्पांना जमिनीवर ठेवतात का? तिने बरोबर आणलेला पाट काढला, बॉनेटवर मांडला आणि बाप्पांना त्यावर बसवलं. मी सीटखाली डोकं घातलं.

डोकं बाहेर काढलं, तो घंटा वाजत होती! समोरच्या घरातल्या हौसाबाई ताम्हण, दूर्वा आणि अख्खी आळी घेऊन हजर होत्या. बाप्पांचा रुमाल उतरला होता, हळदकुंकू झालं होतं आणि आरती शेवटच्या कडव्यात होती. सुमती टाळ्या वाजवत होती. माझीच बायको!

"अहो, थांबा! मला बॉनेट उघडायचंय!"

"चपला काढा आधी," हौसाबाई म्हणाल्या. "देवापुढं चपला घालून उभं रातंत काय?"

मी चपला काढल्या. "आता उचलू का?"

"उचलू? आरती झाली, निवद दावला, आता बाप्पा बसलं! दीड दीस हलवाचं नाय."

"पण ही गाडी आहे!"

"बाप्पाला काय त्याचं? आमी हाव ना! उपाशी ठेवाचं नाय तुमाला."

मी आशेने सुमतीकडे पाहिलं. "त्या बरोबर बोलतायत," ती म्हणाली. "बसलेला देव उठवायचा नसतो."

दीड दिवस! आमचे पाहुणे पनवेलला घरी फुलांचं रिकामं मखर पाहून, तिथून कोनला बॉनेट पाहायला येत होते, आणि सगळ्यांना आणत होता सुशांत. नव्या गाडीतून! मी अनवाणी उभा राहून प्रसाद वाटत होतो. एका गृहस्थांनी तर माझ्या हातावर दक्षिणा ठेवली.

विसर्जनाला हौसाबाईंच्या आळीने बाप्पांना वाजतगाजत तळ्यावर नेलं. परतताना सुमतीने निकाल दिला, "पुढच्या वर्षी बाप्पा सुशांतच्या गाडीतून येतील."

"आणि माझी गाडी?" मी उसळलो. "ती काय भंगारात घालायची?"

"भंगारात कशी घालता येईल? हौसाबाईंना मी शब्द दिलाय. त्यांच्या आळीचा गणपती पुढच्या वर्षीपासून तिच्यावरच बसणार आहे. फक्त चाकं काढून ठेवा म्हणाल्या."