पाऊण कप आणि बेचाळीस शेरे

माणसाला मार्क देता येतात, आणि तेही पाव मार्कापर्यंत अचूक, यावर सव्वासरांची श्रद्धा होती.

“दहापैकी सहा म्हणजे अंदाज,” ते म्हणायचे. “सव्वासहा म्हणजे न्याय.”

सर गणित शिकवायचे. सव्वासर हे नाव मुलांनी ठेवलेलं. सरांना ते कळलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. चोवीस वर्षांत त्यांच्या तपासणीला कुणा मुलानं आव्हान दिलं नव्हतं. दिलं असतं, तर सरांनी त्या आव्हानालाही मार्क दिले असते.

मग साथ आली. शाळा बंद झाली आणि आठवी ब चा वर्ग लॅपटॉपात जाऊन बसला. परीक्षा घरच्या घरी झाली, तर बेचाळीसच्या बेचाळीस मुलांना पैकीच्या पैकी. एका पेपरात ‘आई, हे बरोबर आहे का बघ’ हे वाक्यसुद्धा उत्तराचा भाग म्हणून आलं होतं, आणि त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात ‘हो’.

मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, सगळ्या शिक्षकांना पडद्यावर बोलावलं. “यंदा मार्क नाहीत. शेरे. प्रत्येक मुलाबद्दल, शब्दांत. शनिवारी पाचपर्यंत.”

“बाई, कंसात मार्क दिले तर?”

“सर.”

“अगदी बारीक अक्षरात?”

“सर, तुमचा माईक बंद करा.”

शेऱ्यांसाठी शाळेच्या क्लार्कनं एक फॉर्म तयार केला. रोल नंबर टाकायचा, शेरा लिहायचा, ‘जतन करा’ दाबायचं. सरांनी रोल नंबर आठसाठी लिहिलं: ‘बरा. सव्वासहा.’

फॉर्मवर लाल ओळ उमटली.

*शेरा किमान वीस शब्दांचा असावा.*

सरांनी लिहिलं: ‘बरा, म्हणजे तसा बरा, पण फार बरा नव्हे, म्हणजे पाच आणि सात यांच्या मधे, किंचित सहाच्या पुढे, सातपासून पाऊण मार्क लांब.’

*शेऱ्यात पाव, सव्वा, पाऊण हे शब्द चालणार नाहीत.*

क्लार्क सरांना ओळखून होता.

—

आता घराकडे वळू, कारण खरं संकट तिथे दाराशी ठेवलं होतं. ते एका पिशवीच्या रूपात होतं.

सरांच्या सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस म्हणून आल्या आणि चार महिने अडकल्या. आल्या दिवसापासून त्यांची पिशवी भरून दाराशी होती. “गाड्या सुरू झाल्या की निघते,” त्या रोज म्हणायच्या. “जावयाच्या घरी माणसानं पाहुण्यासारखं असावं.”

सरांच्या बायकोला आईनं कायमचं इथे राहायला हवं होतं. एक डोळा झालेला, दुसरा व्हायचा, आणि तिकडे घरात एकटी. बायको फोन कंपनीच्या तक्रार विभागात होती आणि आतल्या खोलीत बसून दिवसभर अनोळखी लोकांची माफी मागायची. दोन माफ्यांच्या मधे ती बाहेर आली.

“सोमवारपासून गाड्या सुरू होतायत. आईनं थांबावं असं मला वाटतं. तुम्ही काही करू नका.”

“मी काय करणार?”

“तेच म्हणतेय. काही बोलू नका, काही सुधारू नका. आईला मार्क देऊ नका.”

हे ती उगीच म्हणत नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी सरांनी नववीच्या एका मुलाला शंभरपैकी पावणेपस्तीस दिले होते. पास व्हायला पस्तीस लागतात. पाव मार्कानं नापास झालेला तो मुलगा म्हणजे सासूबाईंचा धाकटा लेक. त्याची मोठी बहीण भांडायला शाळेत आली. सरांनी तिला तपासणीची पद्धत पाऊण तास समजावून सांगितली, आणि पुढच्या वर्षी तिनं त्यांच्याशी लग्न केलं. धाकटा आता लिफ्ट बसवतो. त्यानं बसवलेल्या लिफ्टच्या इमारतींत सर अजून जिन्यानं जातात.

सासूबाई त्या पेपरबद्दल चकार शब्द काढत नसत. फक्त सरांच्या कपात चहा पाऊणच भरत. बाकी सगळ्यांचे कप काठोकाठ. एकोणीस वर्षं. सर प्रत्येक वेळी त्या रिकाम्या राहिलेल्या पाव कपाकडे बघत आणि गप्प पीत.

—

गुरुवारी शेरे लिहिण्याचं प्रशिक्षण झालं. पडद्यावरच्या बाई फार मृदू बोलत होत्या.

“मुलांना मोजू नका, बघा. जमत नसेल तर आधी घरच्यांवर सराव करा. आधी गुण लिहा, मग सुधारणेला वाव. आणि खरं लिहा.”

सरांनी हे वहीत उतरवून घेतलं. शुक्रवारी दुपारी ते सरावाला बसले. वहीत लिहिलं असतं तर ही कथा इथेच संपली असती. पण सरांना वीस शब्द भरतात की नाही हे बघायचं होतं, म्हणून त्यांनी फॉर्म उघडला. रोल नंबरशिवाय फॉर्म पुढे जाईना. सरांनी एक टाकला.

*रोल नंबर १.* (मनात: बायको.)
दिवसभर परक्यांशी अतिशय गोड बोलते. संध्याकाळी घरच्यांची पाळी येते तोवर गोडी संपलेली असते. हरवलेली प्रत्येक वस्तू कुठे आहे हे हिला माहीत असतं, पण सांगण्यापूर्वी ती सुस्कारा सोडते.

लाल ओळ उमटली नाही. सर चकित झाले. जमतंय की.

*रोल नंबर २.* (मनात: सासूबाई.)
इथे सरांनी मान वर केली. समोर सासूबाई मटार सोलत होत्या. सरांचा वर्ग चालू असतानाही त्या तिथेच, कॅमेऱ्याच्या बाहेर बसून मटार सोलत. खरं लिहा, असं प्रशिक्षणाच्या बाई म्हणाल्या होत्या. सरांनी लिहिलं:
दुसऱ्याची जुनी चूक विसरत नाही. देताना हात थोडा आखडता घेते. चार महिने पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, पण जायचं हिच्या मनात नाही. कुणीतरी ‘थांब’ म्हणेल याची वाट बघते. ते कुणी म्हणत नाही, ही हिची चूक नव्हे, आमची.

शेवटची दोन वाक्यं कुठून आली ते सरांना कळलं नाही. ती गणितासारखी आपोआप सुटली होती.

*रोल नंबर ३.* (वरच्या मजल्यावरच्या बाई.)
ऊर्जा प्रचंड आहे, पण ती सगळी भर दुपारी फर्निचर सरकवण्यात जाते. टेबलाची एक जागा कायमची ठरली, तर प्रगतीला आणि शेजाऱ्यांना वाव आहे.

*रोल नंबर ४.* (मोठ्या बाई. सरांना आता नशा चढली होती.)
स्वतःच केलेला नियम विसरते आणि मग दुसऱ्यावर चिडते. एकच मुद्दा तीनदा सांगते. आवाज मात्र असा, की हिला माईक देऊ नये.

प्रत्येक वेळी सरांनी ‘जतन करा’ दाबलं. आता, क्लार्कनं दोन बटणं का करावीत? एक जतनाचं, एक पाठवण्याचं, उगाच पसारा. त्यानं एकच केलं होतं. जतन केलं की शेरा थेट पालकांच्या फोनवर.

—

शनिवारी सकाळी पहिला फोन आला.

“सर, रोल नंबर एकचा बाबा बोलतोय. तुमचा शेरा वाचला. तो सुस्कारा, सर. तुम्हाला तो पडद्यावरून ऐकू येतो?”

सरांनी हं, हो, ऐकू येतो, असं काहीतरी म्हटलं आणि फोन ठेवला. लगेच दुसरा वाजला.

“मी तिसऱ्या नंबरची आत्या. अहो, रेंज मिळत नाही म्हणून ती टेबल घेऊन घरभर फिरते. खालच्यांनी तुमच्याकडे तक्रार केली का? माणसं कुठवर जातात बघा.”

तिसरा फोन मोठ्या बाईंचा होता. सर उभे राहिले. बाईंची नात त्यांच्याच वर्गात होती. रोल नंबर चार.

“सर, नातीचा शेरा बघितला.”

“बाई, मी सगळं समजावून सांगतो.”

“काय समजावताय? शब्द न् शब्द खरा आहे. नियम विसरते, चिडते, एकच मुद्दा तीनदा सांगते. अगदी आमच्या सुनेवर गेली आहे. अगदी सुनेवर. मी मुलाला म्हटलं, बघ, सुनेवर गेली आहे.”

सरांनी फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि लॅपटॉपकडे धावले. एक, तीन आणि चार बचावले होते. दोन राहिला होता. तो पुसायचा कसा ते शोधायला त्यांनी क्लार्कनं पाठवलेल्या सूचना उघडल्या. सूचना होत्या चौदा. पुसण्याबद्दल एकही नव्हती.

तेवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजला. तो सासूबाईंनी उचलला, आणि डोळ्यांना बारीक दिसत नाही म्हणून हाताला लागेल ते बटण दाबलं. फोन मोठ्यानं बोलू लागला.

“मी रोल नंबर दोनची आई. सर नाहीत? मग तुम्ही त्यांना सांगा. त्यांनी लिहिलंय, ‘चार महिने पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, पण जायचं हिच्या मनात नाही. कुणीतरी थांब म्हणेल याची वाट बघते.’ अहो, माझी मुलगी शाळा बंद झाल्यापासून रोज दप्तर भरून दाराशी ठेवते. कधीही शाळा सुरू होईल म्हणून. सरांना कसं कळलं? तेवढं ते ‘जुनी चूक विसरत नाही, हात आखडता घेते’ मात्र आमच्याकडे जुळत नाही.”

“ते इकडे जुळतं,” सासूबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मग काहीच ऐकू आलं नाही. मटारसुद्धा नाही.

सरांनी शंभरपर्यंत मोजलं आणि बाहेर आले. दाराशी पिशवी नव्हती.

चार महिन्यांत त्या जागी फरशीचा रंगही वेगळा झाला होता. सर त्या चौकोनाकडे बघत उभे राहिले. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि बायकोनं कानावरचा हेडफोन बाजूला केला.

“आईची पिशवी कुठाय?”

“मी मार्क नाही दिले,” सर म्हणाले.

“मग काय दिलं?”

“शेरा.”

बायकोनं सुस्कारा सोडला आणि पलीकडच्या ग्राहकाला म्हणाली, “माफ करा, आमच्याकडूनच चूक झाली आहे.”

—

सासूबाई स्वयंपाकघरातच होत्या. पिशवी टेबलावर होती, उघडी. त्यांनी साड्यांच्या खालून चारदा घडी केलेला एक पिवळा पेपर काढून सरांसमोर ठेवला.

“हे काय आई?”

“फेरतपासणी. शेऱ्यात लिहिलंयत ना, जुनी चूक विसरत नाही म्हणून. ही बघा जुनी चूक. करा बेरीज.”

नववीचा पेपर. सरांचं तेव्हाचं ताठ अक्षर, लाल शाई. त्यांनी चष्मा लावला. सव्वाआठ, साडेसहा, पावणेआठ, साडेपाच, सव्वासहा. बेरीज केली. पुन्हा केली. खालून वर केली.

सव्वाचौतीस.

पावणेपस्तीस नव्हे. सरांची बेरीज एकोणीस वर्षांपूर्वी चुकली होती, आणि चुकून त्यांनी मुलाला अर्धा मार्क जास्त दिला होता. मुलगा पाव मार्कानं नव्हे, पाऊण मार्कानं नापास होता.

सरांनी पिशवीकडे बघितलं. दारात बायको उभी होती, तिच्याकडे बघितलं. सोमवारी गाड्या होत्या. चोवीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं.

“पस्तीस,” ते म्हणाले. “पस्तीस होतात, आई. पास होता तो.”

“परत करा.”

“केली. पस्तीस. आणि तुम्ही थांबा. म्हणजे इथे. जाऊ नका.”

सासूबाईंनी पेपरची घडी घातली.

“सव्वाचौतीस होतात, जावईबापू. मी तेव्हाच बेरीज केली होती. म्हणून तर मी आले नाही भांडायला, हिला पाठवलं. मी आले असते तर अर्धा मार्क परत द्यावा लागला असता.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पोरगं फार फुशारक्या मारायला लागलं की दाखवते त्याला. जवळ असलेला बरा.”

सर खुर्चीत बसले. “मग तो पाऊण कप चहा? एकोणीस वर्षं?”

सासूबाई लेकीकडे बघायला लागल्या, लेक आईकडे.

“अहो, तुम्ही बोलताना हात किती हलवता,” बायको म्हणाली. “लग्न ठरवायला आलात तेव्हा पहिला कप आईच्या मांडीवर ओतलात.”

“तो पाव कप सांडायचा ठेवते,” सासूबाई म्हणाल्या. “त्यात राग कसला?” आणि त्यांनी पिशवीतल्या साड्या काढून बायकोच्या हातात दिल्या. “कपाटात वरचा कप्पा नको. मला पोचत नाही.”

—

राहिलेले अडतीस शेरे दोघांनी मिळून लिहिले. चार महिने मटार सोलता सोलता सासूबाईंनी आख्खी आठवी ब पाहिली होती. “सतराव्याला उत्तर येत असलं की तो कान खाजवतो, आणि तुम्ही नेमकं दुसऱ्याला विचारता. तिसाव्या पोरीला भूक लागलेली असते, तिला तासाच्या शेवटी काही विचारू नका.” सर लिहीत गेले, जतन करत गेले. शब्द वीसच्या खाली आले नाहीत.

पावणेपाचला शेवटचा शेरा गेला. सासूबाईंनी चहा केला आणि चोवीस वर्षांतल्या पहिल्या खोट्या बेरजेचा मान म्हणून सरांचा कप काठोकाठ भरला.

सरांनी कप उचलला.

“आई,” ते म्हणाले, “मूल्यमापन म्हणजे काय, ते आज मला…” आणि मूल्यमापन म्हणजे काय ते दाखवायला त्यांनी हात पसरले.

सासूबाईंनी लॅपटॉपवरून फडकं फिरवलं आणि सरांच्याच वहीत, खरं आणि थोडक्यात, लिहिलं:

*प्रगती आहे. कप पाऊणच द्यावा.*

लाल ओळ काही उमटली नाही. लॅपटॉप चहात होता.