शांत डब्याचं तोंड उघडायची पैज

आमच्या इमारतीच्या सामाईक धुलाईखोलीत मशीन थांबायची वाट बघताना मी शेजारच्या गुनवोरला सांगून टाकलं, "उद्या उप्सालाच्या गाडीतला शांत डबा स्टॉकहोम यायच्या आत बडबडायला लावतो. तेही मी स्वतः तोंड न उघडता!"

"तिथे लोक शिंकसुद्धा खिशात शिंकतात, टुरे."

"हरलो तर बेडूकउड्या. मिडसमरच्या सणाला नाचताना मारतो तशा. डबाभर."

"तुझी साहेबीण मारेट बसते त्याच डब्यात?"

हे मी विसरलोच होतो. पण आता मागे हटलो असतो, तर गुनवोरने चिठ्ठी लिहून ड्रायरवर चिकटवली असती. आमच्याकडे भांडायला तोंड लागत नाही, चिठ्ठी लागते. 'कुणाचे तरी मोजे राहिलेत. नाव घेत नाही. तिसरा मजला.'

सकाळी गाडीत बसल्यावर जो तो वायफाय जोडायला फोनमधली यादी उघडतो, हे मला माहीत होतं. मी माझ्या हॉटस्पॉटला नाव दिलं, 'निळ्या स्वेटरवर किमतीचा कागद तसाच आहे'.

निळे स्वेटर सात. सातही जणांनी मानेमागे हात घातला. आवाज? शून्य.

मी नाव बदललं, 'इथे कुणाच्या तरी हेरिंग माशाचा वास येतोय'.

मिनिटभरात यादीत दुसरंच नाव उगवलं, 'हेरिंग नाही. अंड्याचं सँडविच. आभारी आहे.'

त्याखाली, 'शांत डब्यात वासही शांत असावा'.

त्याखाली, 'नियम दारावर लावलेत, चष्मा लावून वाचा'.

बघता बघता चौदा हॉटस्पॉट! गाडीचं स्वतःचं वायफाय त्या गर्दीत कुठे बुडालं, देव जाणे. अख्खा डबा धुलाईखोलीसारखा कडाकडा भांडत होता आणि ऐकू येत होत्या फक्त पैज बघायला आलेल्या गुनवोरच्या विणायच्या सुया. ती समोर बसून गालात हसत होती. माझं डोकं फिरलं. अरे, तोंडं काय फक्त कॉफी ओतायला दिलीत?

स्टॉकहोम दहा मिनिटांवर आलं आणि यादीत नवं नाव आलं, 'सुरुवात खिडकीजवळच्या आजोबांनी केली'.

"आजोबा कोणाला म्हणता? बावन्न वय आहे माझं!" मी खिडकीजवळून ओरडलोच.

गुनवोरने सुया खाली ठेवल्या. "ऊठ."

उठलो. कानाला हात लावून उकिडवा बसलो आणि पहिली उडी मारली. मारेटने चष्म्यावरून पाहिलं. दुसरी उडी तिच्या पायाशी पडली.

"टुरे, गुडघे बाहेर काढ," ती म्हणाली. "नाहीतर उद्या रजा मागशील."

मग बांधच फुटला.

"जोर पायात लाव रे, पोटात नको!"

"आमचा बाल्कनीतला ससा बरा मारतो."

"बॅगा उचला, तो इकडेच येतोय."

एकमेकांना कधी 'हाय' न म्हणणारी माणसं माझ्या उड्यांवर चर्चा करत होती! मी धापा टाकत मागे वळलो. "गुनवोर, बोलले की नाही सगळे? स्टॉकहोम यायच्या आत?"

"बोलले ना," ती म्हणाली. "पण आधी तू बोललास. चल, अजून अर्धा डबा राहिलाय."